जुन्या जीपचे पुढचे अंग आणि ब्रेक

गोठ्याच्या आडोशाला पडलेली जुनी जीप पुन्हा रस्त्यावर आणण्याची हौस काही शेतकरी घरांत असते. हौस चांगलीच आहे. पण पुष्कळजण आधी रंग देतात, सीटा शिवतात आणि ब्रेकला सर्वात शेवटी हात घालतात.

विलीजची सीजे-३बी अमेरिकेत १९५३ साली निघाली, १९६८ साली तिथे बंद झाली. आपल्याकडे महिंद्राने त्याच घडणीच्या जीपा पुढेही कितीतरी वर्षे काढल्या. या जुन्या गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकला तेल पुरविणारा मार्ग बहुधा एकच असतो. एका चाकाचे सिलिंडर गळाले की चारही ब्रेक गेले. घाटात, मागे घरची माणसे बसलेली असताना काय होईल ते सांगायला नको.

काम सपाट जागी करावे. चाकांचे नट गाडी उचलण्यापूर्वीच सैल करा. काही जीपांना डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. न बघता जोर लावला तर स्टड तुटतो. मागच्या चाकांना दगड लावून पुढे सांगाड्याखाली भक्कम ठोकळे द्या. नुसत्या जॅकवर विसंबून खाली शिरू नये.

कमानीचा एकच पाटा मोडला असला तरी दोन्ही कमानी जोडीने उतरवून पाहाव्यात. तडे, मधला बोल्ट, शॅकलचे झिजलेले बुश, सारे तपासावे. यू-बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचा भार चाकांवर आल्यावर, आणि थोडी गाडी चालवून पुन्हा एकदा. हे दुसऱ्यांदा आवळणे मिस्त्रीसुद्धा विसरतात.

ड्रममधली धूळ फुंकू नका. जुन्या लायनरांत अॅस्बेस्टॉस असते, ते छातीला घातक. ओल्या फडक्याने पुसावे. सिलिंडरांचे रबरी किट नवे घाला आणि त्याला रॉकेल किंवा इंजिन ऑइल लागू देऊ नका, रबर फुगते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून उघडा पडलेला डबा वापरू नये. मास्टर सिलिंडर पायाखालच्या पत्र्याखाली असतो. झाकणावरची माती पुसल्याखेरीज ते उघडू नये.

हवा काढायला दोन माणसे लागतात. पायडल दाबायला घरातले कोणीही चालेल, फक्त सांगितल्याशिवाय पाय उचलायचा नाही. सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात करून पायडल कडक लागेपर्यंत हवा काढा. मग रिकामी गाडी शेतरस्त्यावर हळू चालवून ब्रेक दाबून पाहा. गाडी एका अंगाला ओढली, तर पुढचे दोन्ही ड्रम पुन्हा उघडून लायनरला तेल किंवा ग्रीस लागले आहे का ते बघावे.