शोधप्रबंधाची आकृती: डीटीपीच्या दुकानात सुरू करता येईल असं एक काम



भंडारा, तुमसर, साकोली, पवनी, कुठंही जा. झेरॉक्स आणि डीटीपीच्या दुकानात प्रोजेक्टचं टायपिंग आणि स्पायरल बायंडिंग असतंच. त्याच गिऱ्हाईकाला अजून एक काम हवं असतं, पण आपल्याकडे ते कोणी नीट करून देत नाही: आकृत्या. एम.एस्सी.चा प्रोजेक्ट असो, पीएच.डी.चा प्रबंध असो, की जर्नलला पाठवायचा पेपर. आलेखाचा स्क्रीनशॉट घेतात, वर्डमध्ये चिकटवतात, ओढून मोठा करतात. मग गाईड म्हणतात, "अक्षरं वाचता येत नाहीत, परत करा." पोरगं नागपूरच्या गाडीत बसतं. ते काम आपल्या तालुक्यात होऊ शकतं. या आठवड्याचा व्हिडिओ त्यावरच आहे आणि इथं त्याच्या नोट्स.

आधी गणित समजून घ्या

फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. समजा स्क्रीनशॉट 1000 पिक्सेल रुंद आहे. ए-फोर कागदावर तो 15 सेंटीमीटर, म्हणजे साधारण 6 इंच रुंद छापला, तर एका इंचात जेमतेम 170 ठिपके येतात. जर्नलवाले फोटोला साधारण 300 मागतात आणि रेषांच्या चित्राला त्याहून बरेच जास्त. ओढून मोठं केल्यानं नवीन ठिपके खरे तयार होत नाहीत, फक्त धूसरपणा वाढतो.

व्हेक्टरमध्ये ठिपके नसतात, रेषेचं गणित असतं: इथून सुरू, तिथं वळण, एवढी जाडी. म्हणून तीच आकृती पुस्तकात छापा नाहीतर फ्लेक्सवर, धार तशीच राहते.

सॉफ्टवेअर कोणतं?

फ्लेक्स आणि लग्नपत्रिकेवाल्यांना कोरलड्रॉ येतं. ते येत असेल तर हे काम त्यातही होतं, पण ते विकत घ्यावं लागतं, आणि क्रॅक कॉपीवर धंदा उभा करू नका. नवीन सुरू करणाऱ्यानं इंकस्केप घ्यावं. 2003 पासून चालू असलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. फुकट आहे आणि दुकानात पैसे घेऊन काम करायलाही परवानगी लागत नाही. त्याची मूळ फाईल एसव्हीजी. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात इंकस्केपचे धडेही फुकट आहेत.

पाच गोष्टी आल्या की काम सुरू

1. पानाचं माप आधी. फाईल मेनूत डॉक्युमेंट प्रॉपर्टीज उघडा, मिलिमीटर निवडा आणि आकृती जेवढी छापायची तेवढंच पान करा. उदाहरणार्थ, 'नेचर' या जर्नलमध्ये एका कॉलमची रुंदी 89 मिमी आणि दोन कॉलमची 183 मिमी. गिऱ्हाईकाला पहिला प्रश्न हाच: "कुठं छापायचं आहे?"

2. आलेख आणायचा तो पीडीएफ करून. एक्सेलमधून आलेख पीडीएफमध्ये सेव्ह करायला सांगा, मग इंकस्केपमध्ये इम्पोर्ट करा. कंट्रोल, शिफ्ट आणि जी दाबून ग्रुप सोडवला की प्रत्येक रेष आणि अक्षर वेगळं धरता येतं. फाँट बदलला नाही ना, ते लगेच तपासा.

3. रेषा आणि अक्षरं. कंट्रोल, शिफ्ट आणि एफ दाबलं की रंग आणि रेषेची जाडी उघडते. अर्धा ते एक पॉइंट जाडी बहुतेक ठिकाणी चालते. अक्षराचं एकक पॉइंट ठेवा आणि सगळ्या आकृत्यांत एकच फाँट. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाका. कृतिदेवमध्ये टाईप केलेलं दुसऱ्याच्या संगणकावर भलतंच दिसतं.

4. रांगेत लावणं. कंट्रोल, शिफ्ट आणि ए. डोळ्यानं सरकवत बसू नका.

5. देताना तीन फाईली. एसव्हीजी पुढच्या दुरुस्तीसाठी, पीडीएफ छपाईसाठी, आणि जर्नलनं मागितली तर योग्य डीपीआयची पीएनजी.

एक टीप: प्रबंधाच्या प्रती बऱ्याचदा काळ्या-पांढऱ्या झेरॉक्स होतात. म्हणून नुसत्या लाल-हिरव्या रंगावर भिस्त नको. एक रेष सलग, दुसरी तुटक ठेवा.

सरावाला आपलाच मामा तलाव घ्या

आपला जिल्हा तलावांचा. मालगुजारी गेली, पण मामा तलाव आहेत, आणि भूगोल, प्राणीशास्त्र, पर्यावरणाची मुलं त्यांच्यावर प्रोजेक्ट करतात. तलावाचा उभा छेद काढा: पाळ, पाण्याची पातळी, खाली गाळाचा थर, पाणी सोडायचं तुडूम, जास्तीचं पाणी जायला सलंग. पाळ आणि तळ पेन टूलनं, नावं टेक्स्टनं, बाण रेषेच्या टोकाला. शेवटी मापपट्टी. एवढ्या एका चित्रात वरचं जवळपास सगळं येऊन जातं.

इथं मात्र थांबायचं

गिऱ्हाईक कधी म्हणेल, "भाऊ, हा एक ठिपका जरा वर घ्या ना, रेष सरळ दिसेल." नाही घ्यायचा. ठिपका म्हणजे मोजलेला आकडा. तो सरकवला की संशोधन खोटं झालं. उद्या परीक्षकानं मूळ तक्ता मागितला तर त्या मुलाची पदवी अडकते आणि दुकानाचं नाव जातं. आपण अक्षर, जाडी, रंग, मांडणी बदलतो. आकडा बदलायचा असेल तर विद्यार्थ्यानं एक्सेलमध्ये तपासून नवीन आलेख आणावा. ओढून छोटा-मोठा करतानाही कंट्रोल दाबून ठेवा, म्हणजे लांबी-रुंदीचं प्रमाण बिघडत नाही.

तसंच ट्रेस बिटमॅप. लोगोसाठी छान आहे, पण धूसर आलेखावर लावू नका. संगणक अंदाजानं रेषा काढतो आणि 3 चा 8 होऊ शकतो. मूळ आकडे मागा, आलेख नव्यानं काढा.

दर कसा लावायचा?

पानावर नाही, आकृतीवर. आधी स्वतःच्या पाच आकृत्या घड्याळ लावून करा, सरासरी वेळ काढा, तुमच्या तासाच्या कमाईनं गुणा. दोन दुरुस्त्या दरात धरा, तिसरीचे वेगळे पैसे, आणि हे काम घेतानाच सांगा. छापून गिऱ्हाईकाची सही घ्या, मगच अंतिम फाईल द्या.

फक्त यावर दुकान चालणार नाही, हेही लक्षात ठेवा. प्रबंध सादर करायच्या दिवसांत गर्दी, बाकी वेळ शांत. पण हाच हात लोगो, लेबल आणि तांदळाच्या थैलीच्या डिझाईनलाही चालतो.

गृहपाठ: तुमच्या गावच्या तलावाचा छेद 89 मिमी रुंदीत काढा, खऱ्या मापात छापा आणि हातभर अंतरावरून वाचा. सगळी अक्षरं वाचता आली, तर पहिलं गिऱ्हाईक घ्यायला तुम्ही तयार आहात.