वऱ्हाडी माळरानाचा हिवाळा : लेखांक चौथा

हिवाळा आणि शिकारी प्राणी यांच्या संबंधाविषयीचे बरेचसे लेखन बर्फाळ प्रदेशांतून आलेले आहे. अमेरिकेतील आइल रॉयल बेटावर लांडगा आणि मूस, म्हणजे हरणांच्या कुळातील सर्वांत मोठा प्राणी, यांचा अभ्यास 1958 पासून चालू असून, खोल बर्फात मूसचे पाय रुतू लागले की लांडग्यांना शिकार सोपी जाते, असे तेथे आढळले आहे. वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगाव परिसराला हा नियम लावता येत नाही. येथे पहाटेचा पारा कधी 10 अंशांखाली उतरला, तरी ती थंडी लांडग्याला किंवा काळविटाला मारक ठरत नाही. वन्यप्राण्यांची खरी कसोटी लागते ती पाणवठे आटलेल्या एप्रिल-मे महिन्यांत. या भागात हिवाळा आपला प्रभाव गाजवतो तो गारठ्यापेक्षा रात्र, गवत आणि पीक यांच्या द्वारे.

डिसेंबरच्या उत्तरार्धात येथील रात्र सुमारे 13 तासांची असते, तर जूनमध्ये ती पावणेअकरा तासांपर्यंत आखडते; त्यामुळे अंधारात वावरणाऱ्या शिकाऱ्याला हिवाळ्यात दोन तासांहून अधिक वेळ मिळतो. त्याच सुमारास माळावरचे गवत वाळून त्यातील सकसपणा ओसरतो आणि कारंजा-सोहोळ अभयारण्यासारख्या गवताळ पट्ट्यांतील काळविटांचे कळप व रोही शेजारच्या हरभऱ्याकडे वळतात, ज्यामुळे शेतकऱ्याला थंडीत जागल करावी लागते. ऑक्टोबरात सोयाबीन निघून गेल्यावर मोकळ्या झालेल्या रानातच तुरीची पुरुषभर उंचीची तासे उभी राहतात. मोकळ्या रानात काळविटाला दुरून धोका दिसतो आणि त्याचा वेग त्याला वाचवतो. उलट लांडग्याची शिकार दबा धरण्यावर आणि सावज साथीदाराच्या दिशेने हाकण्यावर बरीच अवलंबून असल्याने उभे पीक त्याला आडोसा देते. तूर कापली गेली की हा आडोसा संपतो. जंगलाचा नकाशा पाहून माळरानातील शिकारीचा अर्थ लागत नाही, त्यासाठी पेरणीचे आणि कापणीचे वेळापत्रकही पाहावे लागते, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही.

नाकतोडे, उंदीर आणि लहान पक्षी टिपणारे भोवत्या नावाचे शिकारी पक्षी हिवाळ्यापुरते उत्तरेकडून या गवतात येतात व रात्री गवतातच जमिनीवर मुक्काम करतात. मात्र या ऋतूतील सर्वांत महत्त्वाची घटना जमिनीखाली घडते. उत्तरेकडील लांडग्यांची पिले वसंतात जन्मतात, तर भारतीय लांडग्याची मादी साधारण नऊ आठवड्यांच्या गर्भकाळानंतर बहुधा हिवाळ्यातच, ओढ्याच्या दरडीत किंवा माळावरच्या बिळात विते. पावसाळ्यानंतर भक्ष्य धष्टपुष्ट व मुबलक असते आणि उन्हाळ्याची टंचाई सुरू होईपर्यंत पिले टोळीबरोबर फिरण्याइतकी मोठी होतात, हे या वेळेचे सयुक्तिक कारण वाटते. खोकडाची पिलेही पुढच्या काही आठवड्यांतच जन्माला येतात.

भारतीय लांडग्याला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. पण कायदा प्रत्येक बिळापर्यंत पोहोचत नाही. म्हणून डिसेंबर ते मार्च या काळात ओढ्याकाठी पिलांचे बीळ आढळल्यास शेतकरी व मेंढपाळ बांधवांनी ते बुजवू नये, धूर करू नये, पिले उचलू नयेत आणि वन विभागाला कळवावे.