विनाचालक गाडीचा पंचनामा

2 ऑक्टोबर 2023ची रात्र. सॅन फ्रान्सिस्कोत रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला एका मोटारीनं उडवलं. ती मोटार माणूसच चालवत होता. महिला शेजारच्या लेनमध्ये फेकली गेली आणि तिथून ‘क्रूझ’ कंपनीची चालक नसलेली टॅक्सी येत होती. टॅक्सीनं ब्रेक लावला, पण धडक टळली नाही. गाडी थांबली. मग तिच्या संगणकानं अर्थ लावला, की धक्का बाजूनं बसलाय. तसं झालं तर रस्त्याच्या कडेला जाऊन उभं राहायचं, असं तिला शिकवलेलं होतं. ती पुन्हा निघाली आणि खाली अडकलेल्या महिलेला सुमारे 6 मीटर फरपटत घेऊन गेली. डाव्या बाजूच्या कॅमेऱ्यात त्या महिलेचे पाय दिसत होते. यंत्रानं ते टिपले, पण त्याला ते उमगले नाहीत.

महिला गंभीर जखमी झाली, पण वाचली. खरा प्रश्न त्यानंतर उभा राहिला. कॅलिफोर्नियाच्या मोटार वाहन विभागाचं म्हणणं असं, की कंपनीनं आधी गाडी पहिल्यांदा थांबेपर्यंतचंच चित्रण दाखवलं. पुढचं हाती यायला दहाएक दिवस गेले. 24 ऑक्टोबरला परवाना निलंबित झाला. केंद्रीय वाहतूक सुरक्षा यंत्रणेला दिलेल्या अहवालातही फरपटीचा उल्लेख नव्हता. तो अहवाल खोटा होता हे कंपनीनं 2024मध्ये कबूल केलं आणि 5 लाख डॉलर दंड भरला.

आपल्याकडे अपघात झाला की पोलिस पंचनामा करतात. टायर घासल्याच्या खुणा मोजतात, पंचांच्या सह्या घेतात, चहाच्या टपरीवाल्याचा जबाब नोंदवतात. चालकानं थाप मारली तरी ती पचत नाही, कारण घटनेची आठवण अनेकांकडे विखुरलेली असते. विनाचालक गाडीत चालक तीच, साक्षीदार तीच आणि मोजपट्टीही तीच. तिची सगळी आठवण कंपनीच्या सर्व्हरवर. हे मला फार धोक्याचं वाटतं.

अमेरिकेत 2015चा एक कायदा आहे. गाडीतल्या अपघात-नोंद यंत्रातली माहिती गाडीच्या मालकाची, असं तो सांगतो. न्यायालयाचा आदेश किंवा केंद्रीय तपास असे अपवाद सोडले तर ती इतरांना काढता येत नाही. सामान्य मोटारमालकाचं खासगीपण जपायला केलेली ही तरतूद. पण रोबोटॅक्सीची मालक कंपनीच असते, त्यामुळे तीच तरतूद तिच्या कामी येते.

जर्मनीनं जास्त विचार केलेला दिसतो. तिथं 2017च्या दुरुस्तीनुसार गाडीचा ताबा माणसाकडून यंत्राकडे किंवा यंत्राकडून माणसाकडे गेला, की त्या क्षणाची जागा आणि वेळ नोंदवावी लागते. ही नोंद सहा महिन्यांनी पुसायची. अपघात झाला असेल तर तीन वर्षांनी. गाडी कोण चालवत होतं, या एका प्रश्नाचं उत्तर देण्यापुरतीच ही स्मृती. 2021च्या कायद्यानं ठरावीक क्षेत्रांत चालकाविना गाड्यांना वाट करून दिली, तेव्हा यादी वाढली. ठिकाण, वेग, त्वरण, सॉफ्टवेअरची स्थिती, बाहेरून आलेल्या आज्ञा अशा नोंदी ठेवायच्या आणि संघीय मोटार वाहन कार्यालयानं मागितल्या की द्यायच्या. सॅन फ्रान्सिस्कोतली गाडी थांबून पुन्हा 6 मीटर सरकली, हे एवढ्यावरूनही कळलं असतं, कोणाचाही चेहरा न दिसता. खाली माणूस होता हे मात्र कळलं नसतं. त्याला कॅमेराच लागतो.

आणि कॅमेरा आला की दुसरी भीती आलीच. टेस्लाच्या काही कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या गाड्यांमधली खासगी चित्रं आपसांत फिरवल्याचं ‘रॉयटर्स’नं 2023मध्ये उघड केलं. गाडी घेणाऱ्यानं निदान कुठंतरी टिचकी मारून संमती दिलेली असते. नातवाचा हात धरून झेब्रा क्रॉसिंगवरून जाणाऱ्या आजीला कोणी विचारलं? युरोपचा 2018पासून लागू असलेला नियम असो किंवा आपला 2023चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, दोन्हींत संमतीला मोठं स्थान आहे. पण वाटसरूची संमती घेणार कशी? चीनच्या 1 ऑक्टोबर 2021च्या नियमांत याला थेट उत्तर सापडतं: माहितीवरची प्रक्रिया शक्यतो गाडीतच करायची आणि बाहेरच्या माणसांचे संमतीविना टिपलेले चेहरे गाडीबाहेर पाठवण्याआधी ओळखू न येणारे करायचे. त्याच नियमांत लष्करी परिसरासारख्या जागांची माहिती देशातच साठवण्याची सक्ती आहे. तिथं काळजी वाटसरूची नाही, राज्यसत्तेची आहे. पण गाडीतल्या गाडीत चेहरे पुसण्याची कल्पना चांगली आहे आणि ती इतरांनीही घ्यावी.

फक्त अपघाताच्या आसपासचे काही सेकंद न पुसता ठेवावेत, आणि त्याची प्रत त्याच क्षणी सरकारी यंत्रणेकडे जावी, असं मला वाटतं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या त्या महिलेला स्वतःच्या अंगावरून काय गेलं हे कळायला कंपनीच्या मर्जीची गरज पडू नये.

ब्रिटनचा 20 मे 2024ला संमत झालेला स्वयंचलित वाहन कायदा टप्प्याटप्प्यानं अमलात येतो आहे. गाडी स्वतः चालत असताना ती कशी चालली याची फौजदारी जबाबदारी तो आत बसलेल्या माणसावर टाकत नाही. परवानगी घेणारी संस्था उत्तरदायी असते. सुरक्षेची माहिती दडवली किंवा खोटी दिली तर तो गुन्हा आहे. त्यासाठी संस्थेला आपला एक अधिकारी आधीच नावानिशी नेमावा लागतो, आणि अशा गुन्ह्यात त्यालाही आरोपी करता येतं.