नारळ फोडून विमान उडत नाही

सोयाबीन निघाले की नांदेडजवळच्या अर्धापूरच्या शिवारात एखादे रान मोकळे सापडते. दीड-दोन महिने खपून फोमशीट, बांबूच्या काड्या आणि चार सर्वो (पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) यांतून उभे केलेले रिमोटचे विमान तिथे येते. बांधावर पोरे जमतात, कोणीतरी नारळ फोडतो, ‘सोड रे!’ असा आवाज होतो आणि चौथ्या-पाचव्या सेकंदाला नाक ढेकळात. मग आखाड्यावर चहा पिताना निदान सुरू होते : वारा लागला, रेंज गेली, नजर लागली. बऱ्याचदा यातले काहीच झालेले नसते. चूक आदल्या रात्री टेबलावरच राहून गेलेली असते. पहिल्या उड्डाणाबद्दलचे काही पक्के गैरसमज म्हणूनच तपासून घेऊ.

गैरसमज : शेपटीकडे थोडे जड असले की नाक वर राहते, विमान लवकर उठते.

वस्तुस्थिती : उठते लवकर, पण सावरत नाही. नाकाकडे जड विमान आळशी उडते, उतरताना जास्त वेग मागते. तरी ते घरी परत येते. शेपटीकडे जड विमान एकदाच उडते. सरळ चौकोनी पंखाच्या साध्या विमानात तोलाचा बिंदू पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या 25 ते 30 टक्क्यांवर हवा. पंख 20 सेंटीमीटर रुंद असेल तर दोन्ही बाजूंना 5 ते 6 सेंटीमीटरवर खूण करा. बॅटरी आत बसवून, दोन्ही खुणांखाली एकेक बोट ठेवून विमान उचला. नाक किंचित खाली झुकले तर चालेल. शेपटी खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवा. हे नवे ज्ञान नाही. 1871 मध्ये पॅरिसमध्ये अल्फोन्स पेनो याने रबराच्या पिळावर चालणारे छोटे विमान सुमारे 11 सेकंद उडवून दाखवले. ते कोणीही न हाकता स्वतःला सावरत गेले, कारण वजनाची जागा आणि शेपटीचा कोन यांचा मेळ त्याने बसवला होता.

गैरसमज : ट्रान्समीटरची (हातातल्या रिमोटची) काठी हलवली की सर्वो हलतात, म्हणजे सगळे तयार.

वस्तुस्थिती : हलतात हे खरे, पण कोणत्या बाजूला? विमानाच्या मागे उभे राहा. काठी उजवीकडे नेली की उजव्या पंखाचा एलरॉन (मागच्या कडेची हलती पट्टी) वर आणि डाव्याचा खाली गेला पाहिजे. काठी स्वतःकडे ओढली की एलेव्हेटर (शेपटीची आडवी पट्टी) वर. सर्वोची दिशा उलट राहिली किंवा ट्रान्समीटरमध्ये जुन्याच मॉडेलची सेटिंग राहिली, तर सावरायला दिलेला प्रत्येक इशारा विमानाला आणखी उलटवतो. त्यानंतर पंखा काढून ठेवा, मोटर चालू करा आणि ट्रान्समीटर बंद करा. मोटर आपोआप थांबली पाहिजे. शेवटी ट्रान्समीटर रेंज-चाचणीच्या कमी शक्तीवर लावून तीसेक पावले मागे जा. तिथूनही सर्वो न अडखळता चालले, तर ‘रेंज गेली’ म्हणायची वेळ सहसा येत नाही.

गैरसमज : आधी मोटर बंद ठेवून फेकून बघू, तरंगले तर उडेल.

वस्तुस्थिती : हलक्या ग्लायडरला हे चालते. मोटर आणि बॅटरीचे वजन घेतलेल्या विमानाला हवेत टिकायला जो किमान वेग लागतो, तो हाताच्या फेकीत बहुधा मिळत नाही. चांगले विमानही मग ढेकळात जाते आणि आपण त्याच्यात नसलेले दोष शोधत बसतो. काळ्या रानात चाकांना धावायला जागा नसते, त्यामुळे हातानेच सोडावे लागते. पण ते मोटर जवळजवळ पूर्ण देऊन, वाऱ्याच्या तोंडावर आणि सपाट. आकाशाकडे भिरकावू नये. सोडणारा वेगळा असावा, म्हणजे उडवणाऱ्याचे दोन्ही हात ट्रान्समीटरवर राहतात.

गैरसमज : केळीचे पान हलत नाही, म्हणजे वारा नाही.

वस्तुस्थिती : केळीची बाग हा वाऱ्याचा आडोसा आहे. तिच्या आडोशाला उभे राहिले की हवा पडलेली वाटते. विमान बागेच्या उंचीवर गेले की पहिला झोत बसतो. म्हणून बाग आणि विजेच्या तारा दोन्ही लांब ठेवा आणि वारा मोकळ्या रानात, उंच काठीला बांधलेल्या चिंधीवर पाहा. वेळ सकाळची. ऊन चढले की काळी जमीन तापते, गरम हवा वर उसळू लागते आणि हलके विमान हेलकावे खाते.

गैरसमज : वारा पाठीवर घेऊन वळले की विमान पडते.

वस्तुस्थिती : विमानाला जमीन कळत नाही, फक्त हवा कळते. हवेत ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारे विमान 15 किलोमीटरच्या वाऱ्यात पाठवाऱ्याने जमिनीवरून 55 च्या वेगाने पळताना दिसते आणि समोरच्या वाऱ्यात 25 ने रांगताना. दोन्ही वेळा पंखांवरून जाणारी हवा 40 चीच. पाडतो तो आपला डोळा : विमान सुसाट दिसले म्हणून आपण थ्रॉटल (मोटरची शक्ती) कमी करतो, काठी ओढतो, वेग खरोखरच तुटतो आणि एक पंख खाली कोसळतो.

गैरसमज : उडाले म्हणजे चाचणी झाली.

वस्तुस्थिती : चाचणी तिथून सुरू होते. आधी उंची घ्या. एक चूक होऊन ती सावरता येईल, एवढी. मग निम्म्या थ्रॉटलवर काठी सोडल्यावर विमान कुठे ओढते ते पाहून ट्रिम (बारीक दुरुस्ती) करा. उंचीवरच मोटर कमी करून किती वेगाला ते दगा देते ते पाहा, म्हणजे उतरताना त्या वेगाच्या जवळ जाणार नाही. विमान तुमच्याकडे येताना डावे-उजवे उलटते; तेव्हा जो पंख खाली झुकला त्याच बाजूला काठी न्या. चार-पाच मिनिटांत उतरवा, बॅटरी संपायची वाट पाहू नका.

गैरसमज : खेळणेच ते, नियम कसले?

वस्तुस्थिती : स्वतः घरी बांधलेल्या सहा आसनी विमानासाठी अमोल यादव यांना 2017 मध्ये नोंदणी आणि 2019 मध्ये उड्डाणाचा परवाना मिळाला, धुळ्यात ते उडाले 2020 मध्ये. छंदाच्या मॉडेलमागे एवढा व्याप नाही. 2021 च्या ड्रोन नियमांत शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठीच्या, नजरेच्या टप्प्यात उडणाऱ्या, 25 किलोपर्यंतच्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेटची गरज नाही. 2 किलोपर्यंत बिगरव्यावसायिक उडवायला पायलट प्रमाणपत्रही लागत नाही. हवाई हद्दीचे नियम मात्र लागू आहेत. परवानगी न लागणाऱ्या हिरव्या पट्ट्यात (ग्रीन झोन) कमाल उंची 400 फूट. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरमध्ये 200 फूट. त्याच्या आत परवानगीशिवाय नाही. अर्धापूरहून नांदेडचे विमानतळ फार लांब नाही. म्हणून आपले शेत कोणत्या पट्ट्यात येते, ते सरकारी ऑनलाइन नकाशावर आधी पाहा.

नारळ जरूर फोडा, खोबरे पोरांना वाटा. पण त्याआधी पंखाखाली दोन बोटे धरून तोल बघा.