टायर, ब्रेक आणि उष्णता: कॅरव्हॅनधारकांचे काही गैरसमज

चांदूर बाजारहून परतवाड्यामार्गे चिखलदऱ्याला जाणारा रस्ता आधी संत्र्याच्या बागांच्या सपाट मुलखातून जातो आणि मग सातपुड्याचा घाट चढतो. त्यामुळे वऱ्हाडचे ऊन आणि घाटाचा उतार, ही टायरची व ब्रेकची दोन्ही संकटे एकाच प्रवासात वाहनाच्या वाट्याला येतात. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. कॅरव्हॅन म्हणजे निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेले वाहन. ते लहान मोटारीपेक्षा कितीतरी जड असते, तरीही मोटारीच्या अनुभवावरून बनलेल्या समजुती त्याला जशाच्या तशा लावल्या जातात.

त्यांतली सर्वांत रुजलेली आणि सर्वांत घातक समजूत अशी की, उन्हाळ्यात हवा थोडी कमी ठेवली म्हणजे टायर फुटत नाही. हवा तापली की दाब वाढतो, हे खरेच आहे: 30 अंश सेल्सिअसला 80 पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला 80 पौंड, इतकी हवा भरलेला टायर 60 अंशांपर्यंत तापला, तर दाब सुमारे 89 पीएसआय होतो, परंतु ही वाढ टायरच्या रचनेत आधीच गृहीत धरलेली असते. याउलट हवा कमी असलेल्या टायरची बाजूची भिंत चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, त्या वाकण्यातून रबरात व आतल्या थरांत उष्णता साठत जाते, थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि भर वेगात टायर फुटतो. म्हणून हवा सकाळी, टायर थंड असतानाच मोजावी आणि प्रवासात तापलेल्या टायरमधून ती कधीही सोडू नये. नायट्रोजन भरल्याने ही चिंता मिटते, असेही सांगितले जाते. पण साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो आणि योग्य दाबाची जागा कोणताही वायू घेऊ शकत नाही.

तो दाब ठरतो वजनावर. पाण्याची 100 लिटरची टाकी भरली की 100 किलो भार वाढतो, त्यात पलंग, शेगडी, बॅटरी यांची भर पडते. तेव्हा सामानासह गाडी वजनकाट्यावर नेऊन पुढच्या व मागच्या चाकांवरचा भार वेगवेगळा मोजून घेणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

नक्षी शाबूत म्हणजे टायर चांगला, हेही अर्धसत्य आहे. मोटारीच्या टायरवर किमान 1.6 मिलिमीटर खोल नक्षी असावी असा नियम आहे, पण कॅरव्हॅन चालते कमी आणि उभी जास्त राहते, म्हणून तिचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, रबर कडक होते आणि बाजूला बारीक भेगा पडतात. टायरवरील चार अंक त्याचे वय सांगतात: 1822 म्हणजे 2022 सालचा अठरावा आठवडा.

घाट उतरताना गाडी न्यूट्रल केली की इंधन वाचते, हा समज तर जिवावर बेतणारा आहे. परतवाडा आणि चिखलदरा यांच्या उंचीत सुमारे 700 मीटरचा फरक आहे. चार टन वजनाचे वाहन तेवढे खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते ती जवळपास 80 लिटर पाणी उकळीला आणू शकेल, आणि गाडी गिअरमध्ये नसेल तर त्यातला बहुतेक भार एकट्या ब्रेकवर पडतो. शिवाय गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून उतरताना आजच्या इंजिनांचा इंधनपुरवठा बंद होतो, तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जळतच राहते. इंजिन बंद करून उतरणे त्याहून वाईट, कारण ब्रेकला मिळणारे निर्वाताचे साहाय्य काही दाबांतच संपते.

लायनर नवे असले म्हणजे ब्रेक फेल होत नाही, असे मानणारे ब्रेक ऑइल विसरतात. ते हवेतील ओलावा शोषते: डॉट 4 प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असतो, पण ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी ही किमान मर्यादा 155 अंशांवर येते. ऑइल उकळून वाफ झाली की पॅडल खोल जाते. लायनर तापले असेल तर पॅडल घट्ट लागते, पण गाडी थांबत नाही. जळका वास येताच गाडी सुरक्षित जागी उभी करून ब्रेक आपोआप निवू द्यावेत आणि तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये, कारण अचानक थंड झालेल्या ओतीव लोखंडाला तडे जाऊ शकतात.