मांडीवरच्या गिटारीच्या तारा

श्रोतेहो, सुरतेस घरी एखादी साधी गिटार पडून असेल, तर मांडीवरच्या वादनासाठी नवी घ्यावयास नको. उंच तारगहन पुरे. येथे तार दाबावयाची नसते, तिच्यावरून पोलादी कांडी सरकते. म्हणून तारा पट्टीपासून सुमारे ८ ते १० मिलिमीटर वर हव्यात; एरवी कांडी पडद्यांवर आदळते आणि मींड विस्कटते. घोडी मात्र फार उचलू नये, तबलीवर ताण येतो. कांडी सरळ, म्हणून सहाही तारांचे माथे एका पातळीत असावेत. जाड तारेची खाच अधिक खोल. पावसाळ्यात लाकूड फुगून तारा किंचित उचलल्या, तरी येथे बोटांना जाच नाही. ब्रिजभूषण काब्रांची अशी गिटार १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत अवश्य ऐकावी.