विश्लेषण : ऑइल फिल्टर गाडीला ‘बसला’ म्हणजे योग्यच असतो का?

सर्व्हिसिंगच्या बिलातील सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी एक म्हणजे ऑइल फिल्टर. लहान पेट्रोल कारचा फिल्टर शे-दोनशे रुपयांच्या आसपास मिळतो. इंजिन खोलावे लागले तर खर्च हजारांत जातो. तरीही अनेक कारमालक फिल्टर कोणता घातला, हे विचारतही नाहीत. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यात ते विचारण्याचे कारण थोडे अधिकच आहे.

फिल्टरच्या आत काय असते?

इंजिन चालताना धातूचे बारीक कण, काजळी आणि धूळ ऑइलमध्ये मिसळत राहते. पंपाने ढकललेले ऑइल आधी फिल्टरमधील घड्यांच्या कागदातून जाते आणि मग बेअरिंगपर्यंत पोहोचते. पण फिल्टर म्हणजे नुसता कागद नव्हे. बहुतेक फिल्टरमध्ये दोन झडपाही असतात. एक रबराची, इंजिन बंद झाल्यावर ती ऑइल फिल्टरमध्येच अडवून धरते. रबर हलके असेल तर ते कडक होते, ऑइल खाली उतरते आणि सकाळी गाडी सुरू करताना काही क्षण खडखड ऐकू येते. दुसरी बायपास झडप. कागद तुंबला किंवा ऑइल थंड व दाट असले की ती उघडते आणि न गाळलेले ऑइल पुढे सोडते. इंजिन कोरडे चालण्यापेक्षा ते बरे!

बसला, मग अडचण काय?

घोळ इथेच होतो. २० मिलिमीटर व्यास आणि दीड मिलिमीटर अंतराचे आटे अनेक कंपन्यांच्या फिल्टरना असतात. त्यामुळे दुसऱ्याच गाडीचा फिल्टर सहज बसतो, गळतही नाही. मात्र बायपास झडप किती दाबाला उघडावी, हे इंजिनानुसार ठरते. ती लवकर उघडली तर मळके ऑइल फिरत राहते, उशिरा उघडली तर ऑइलच कमी पडते. दोन्ही गोष्टी बाहेरून दिसत नाहीत. म्हणून आकार नव्हे, पार्ट नंबर पाहावा. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल इंजिनांचे फिल्टर वेगळे असू शकतात. शंका असेल तर चॅसी नंबर सांगून काउंटरवर खात्री करावी. कार कंपनीच्याच डबीचा हट्ट धरण्याची गरज नाही. नामांकित फिल्टर उत्पादकाच्या कॅटलॉगमध्ये त्या पार्ट नंबरला पर्यायी नंबर दिलेला असेल, तर तो फिल्टर चालतो.

इथल्या वापराचा काय संबंध?

घर ते स्टेशन, दिवसभर पार्किंग, संध्याकाळी परत. या पट्ट्यातील कितीतरी गाड्यांचा आठवडा असाच जातो. इतक्या कमी अंतरात इंजिन पुरते तापत नाही, त्यामुळे ओलावा आणि न जळलेले इंधन ऑइलमध्ये साठते. कल्याण-बदलापूर रस्त्यावरच्या कोंडीत तर काटा पुढे सरकत नाही, इंजिन मात्र चालूच असते. ‘दहा हजार किलोमीटर कुठे झालेत?’ हा हिशेब म्हणूनच फसवा आहे. पुस्तिकेत किलोमीटरसोबत महिन्यांचीही मुदत असते. जे आधी येईल ते धरायचे. सीएनजी गाडीत ऑइल बराच काळ स्वच्छ दिसते, म्हणून मुदत वाढवणेही चूकच.

पुराचा मुद्दा वेगळा. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली, तेव्हा बदलापुरातील सखल भागही पाण्यात होता. अशा पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू करून पाहू नये. ऑइल दुधाळ दिसले तर पाणी शिरले असे समजावे. पाण्याने फिल्टरचा कागद कमजोर होतो, त्यामुळे ऑइलबरोबर फिल्टरही बदलावाच लागतो.

बनावट कसा ओळखावा?

‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आता जुना झाला. बनावट सुटे भाग कोणत्याही शहरात मिळू शकतात आणि ट्रेडमार्क कायदा, १९९९ नुसार बनावट ट्रेडमार्क लावलेला माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद होऊ शकते. डबीवरचा होलोग्राम, डबी आणि फिल्टरवरचा जुळणारा नंबर, स्वच्छ कापलेले आटे, एकसारखी रबरी रिंग एवढे तरी पाहावे. नुसत्या होलोग्रामवर विसंबू नये, तोही छापता येतो. पार्ट नंबर लिहिलेले पक्के बिल हाच खरा आधार.

फिल्टर बसवताना जुनी रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे मेकॅनिकला पाहायला सांगावे. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर ऑइल जोरात बाहेर येते. काम झाले की रिकामी डबी फाडून टाकावी, म्हणजे तिच्यात दुसरा माल भरला जाणार नाही. जुना फिल्टर मात्र नाल्यात जाऊ देऊ नये. त्यात बरेच ऑइल उरलेले असते आणि अंबरनाथ-उल्हासनगरातून वाहणारी वालधुनी आधीच पुरेशी काळी आहे.